शिल्लक वाहवा

“भाऊजी, हे धरा, आणि यातलं ते तुमचं ढेलज काढून टाका.”

इंदूवहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. मेलेली पाल शेपटीला धरून बाहेर टाकावी, तसा त्यांनी हातातला फोन दोन बोटांत धरला होता. मी व्हरांड्यात पेपर उघडून बसलो होतो. मी पेपरची घडी केली, चष्मा वर केला आणि विचारलं, “काढून टाका म्हणजे?”

“म्हणजे मला परत दिसायला नको.”

“आणि चोराचं काय?”

“बसू दे माळ्यावर.”

“अहो वहिनी, खाली हवालदाराच्या आईनं अंथरूण घातलंय. ती म्हातारी खोकतेय. चोराच्या मांडीवर बरणी आहे. अशा अवस्थेत तुम्ही त्याला सोडून चाललात?”

“मी कुठं सोडलं? लोकांनी सोडलं. आठव्या भागाला किती वाहवा आल्या, माहीत आहे? पाच.”

“पाच काही वाईट नाहीत.”

“पाचही तुमच्याच आहेत, भाऊजी. घरच्या माणसाचं कौतुक मोजायचं नसतं. आमटी चांगली झाली असं नवरा म्हणाला, म्हणून काय खानावळ काढायची?”

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. इंदूवहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. दादा गेल्यापासून त्या वरच्या मजल्यावर मुलगा-सुनेबरोबर राहतात, मी खालच्या. उभ्या आयुष्यात त्यांनी लिहिलं होतं ते एवढंच, की दादा पत्र संपवून उरलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवायचे आणि वहिनी तिथं ‘माझाही सर्वांना नमस्कार’ असं लिहायच्या. नमस्कार मात्र टपोरा असायचा. ढेलजवर त्यांना मीच नेलं.

ढेलज म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे जुन्या घरांच्या दरवाजातून आत शिरलं, की दोन्ही बाजूंना बसायला कट्टे असत. आल्यागेल्यानं टेकावं, दोन गोष्टी सांगाव्या, पाणी पिऊन जावं. त्या जागेचं नाव ढेलज. मूळचा कराडचा निनाद पावसकर इंग्लंडात लीड्सला असतो. त्याला तिथं बसायला कट्टा मिळेना, म्हणून त्यानं संगणकावर बांधला. कोणी त्यावर आठवणी लिहितं, कोणी कविता, कोणी वांग्याच्या झाडाचा फोटो टाकतं. आवडलं तर वाचणाऱ्यानं वाहवा द्यायची. प्रत्येकाला दिवसाला पाच वाहवा. हव्या तर पाच जणांना द्या, हव्या तर पाचही एकाला द्या. पण दिवस बदलला, की उरलेल्या गेल्या. नव्या पाच मिळाल्या.

आता गंमत अशी, की निनादनं घड्याळ लावलं तिकडचं. त्यामुळे ढेलजचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलायचा. आणि पहाटे पाचला महाराष्ट्रात जागं कोण असतं? पेन्शनर. या मंडळींना पाच वाजता जाग येते, झोप परत येत नाही आणि काहीही वाया गेलेलं बघवत नाही. पातेल्याच्या तळाशी उरलेली भाजी ‘टाकायची कशाला’ म्हणून पोट भरलेलं असताना खाणारी ही माणसं. पहाटे उठून बघतात तर कालच्या तीन वाहवा उरलेल्या, आणि अर्ध्या तासात त्या मरणार. मग चूळ भरायच्या आधी चष्मा शोधायचा, आणि समोर पहिलं जे दिसेल त्याला देऊन टाकायच्या. मंगळवेढ्याच्या एका गृहस्थांनी चुकून स्वतःच्या अंगठ्याचा फोटो टाकला होता. त्याला पहाटे बेचाळीस वाहवा पडल्या.

वहिनी पहाटे उठून लिहायच्या आणि पाचच्या सुमारास टाकायच्या. मी एकदा म्हटलं होतं, “संध्याकाळी टाका ना, तेव्हा माणसं असतात.”

“म्हणूनच नको,” त्या म्हणाल्या. “दिवसाढवळ्या टाकायला लाज वाटते. पहाटे कसं, दार नुसतं लोटून ठेवल्यासारखं वाटतं. ज्याला यायचं तो येईल.”

तर त्यांनी लोटलेल्या दारातून ही पहाटेची गर्दी आत घुसली. आधी वाहवा टाकल्या, मग टाकल्याच आहेत तर वाचून बघू, असं म्हणत वाचलं. ‘जास्वंद’ या टोपणनावानं वहिनी एका चोराची गोष्ट लिहीत होत्या. हा चोर फक्त लोणचं चोरायचा. सोनंनाणं समोर असलं तरी हात लावायचा नाही. पण कुठल्या घरी बरणीत करकरीत कैरी पडली आहे, ते त्याला वासावरून कळायचं. पाचव्या भागापर्यंत त्या चोरावर माणसं जीव टाकायला लागली. वहिनींचा आवाज जिन्यावरून खाली ऐकू यायला लागला. दादा गेल्यानंतर तो पहिल्यांदाच ऐकू येत होता.

आणि त्याच सुमारास मुकुंदराव वाळिंब्यांनी आपला लेख टाकला: ‘वाहवा – एक वाया जाणारी संपत्ती.’

वाळिंबे कराडचेच. जिल्हा कोषागारात मोठ्या हुद्द्यावर होते. शिल्लक हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ज्या वाहवा वापरल्या नाहीत त्या दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर जमा व्हाव्यात. आज काही चांगलं वाचायला मिळालं नाही, तर ती माझी चूक आहे का?

मग चर्चा पेटली. ढेलजवर निम्मी माणसं सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली. त्यामुळे मूळ प्रश्न बाजूला राहून वाद या मुद्द्यावर आला, की वाहवा ही किरकोळ रजा समजायची की अर्जित रजा. किरकोळ असेल तर वर्ष संपलं की बुडणार, अर्जित असेल तर साठणार. एक बाई म्हणाल्या, रात्रीची पोळी सकाळी चहाबरोबर चालते, मग कालची वाहवा का चालू नये? एका कवीनं विचारलं, शिळी वाहवा मला का? त्यावर सोलापूरच्या एका पाटबंधारेवाल्यांनी धरणाचा दाखला दिला आणि कवी वाहून गेला. मी त्या चर्चेत फक्त विनोद केले. निनादनं कंटाळून जाहीर केलं, की तीन महिने करून बघू, मग कायमचं ठरवू.

तीन महिन्यांत काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, एरवी माझाही विश्वास बसला नसता. वाहवा साठायला लागल्या. प्रत्येकाच्या नावापुढे त्याची शिल्लक दिसायची. शिल्लक दिसल्यावर ती वाढवावीशी वाटणारच. पहाटेची मंडळी उठायची, आकडा बघायची आणि समाधानानं पुन्हा आडवी व्हायची. कोणी सुंदर लिहिलं तर खाली प्रतिक्रिया यायची, ‘अप्रतिम! पण याहून चांगलं काही येईल, म्हणून सध्या राखून ठेवतो.’ शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या असतात ना, तसं झालं. पाहुणे येतात, स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊन जातात, आणि कपबश्या काचेतून बघत राहतात.

दिवस बदलेपर्यंत दहा वाहवा मिळाल्या नाहीत, तर लिखाण दर्शनी पानावरून निघून कोठीत जायचं, म्हणजे जुन्या लिखाणाच्या ढिगात. वहिनींचा सहावा भाग कोठीत गेला. सातवा गेला. आठवा गेला, आणि त्या फोन घेऊन खाली आल्या.

“वहिनी,” मी म्हटलं, “पंधरा दिवसांनी निनाद कायमचा निर्णय करणार आहे. तेवढं थांबा.”

“मी नाही थांबत. हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही, तर माणूस दारात उभा राहून राहील किती वेळ?” त्या पायरीवर बसल्या. “मला वाहवांचं काही नाही हो. पण ती आली की कळायचं, पलीकडे कोणी आहे म्हणून. आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. भिंतीशी बोलायला मला चोर कशाला लागतो?”

“पंधरा दिवस.”

“बरं. पंधरा दिवस. पण तोवर एक ओळ लिहिणार नाही. आणि तुम्ही हरलात, तर सूनबाईकडून काढून घेईन ते ढेलज. तिला येतं. तुम्हालाही येतं, पण तुम्ही ‘विसरलो’ म्हणाल.”

मी खरंच तेच म्हणणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रीतिसंगमावर वाळिंब्यांना गाठलं. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तिथं आमचे सगळे पेन्शनर फिरायला येतात. वाळिंबे बाकावर बसून चार मोजून ठेवलेले बदाम खात होते.

“या देशमाने. बघितलंत का? पावणेचारशेच्या पुढे गेलो.”

“अभिनंदन. एकही खर्च नाही?”

“एक गेली सुरुवातीला. नातवाचा हात लागला.” त्यांच्या चेहऱ्यावर अजून दुःख होतं.

“मुकुंदराव, निर्णय कसा करायचा त्यावर बोलायला आलोय. नुसते हात वर करून नको. वाहवांनीच मतदान करू. एका बाजूला ‘शिल्लक पुढे जावी’, एका बाजूला ‘जाऊ नये’. ज्याला जितक्या टाकायच्या तितक्या त्यानं टाकाव्यात. ज्या बाजूला जास्त, ती जिंकली. दिलेली वाहवा अर्थातच खर्ची पडणार.”

वाळिंब्यांच्या हातातला बदाम तोंडाच्या वाटेवर थांबला. “तुम्ही शुद्धीवर आहात ना? तुमची बाजू सगळी उधळ्यांची. रोजच्या पाच रोज उडवता. तुमच्याजवळ त्या दिवशी माणशी पाचच असतील. आणि आमच्याकडे…” त्यांनी हात असा पसरला, की कृष्णा-कोयनाही शिल्लकेत मोजल्या असाव्यात.

“ते खरं आहे. पण नियम तो नियम. माझी एकच विनंती आहे.”

“बोला, बोला.”

“चुकून आमची बाजू जिंकली, तर तुमची साठलेली शिल्लक बुडू नये. नव्या पाच रोज संपतील, पण जुनं साठवलेलं आहे ते कायम राहावं. नवीन नियम आला तरी जुन्या माणसांची पेन्शन चालू राहते, तसं.”

वाळिंबे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला एक बदाम दिला. त्यांना ओळखणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कळेल.

“देशमाने, तुम्ही मोठ्या मनाचे आहात,” ते म्हणाले. “हरणाऱ्यानं असंच हरावं.”

संध्याकाळी निनादला फोनवर समोर बसवून सगळं सांगितलं. तो तिकडे कांदा चिरत होता.

“काका, तुम्ही हिशेब केलाय का? त्यांच्याकडे डोंगर आहे.”

“आहे ना.”

“आणि तुम्हीच म्हणताय की वाहवांनी मतदान करू? आणि हरले तरी त्यांचा डोंगर तसाच ठेवू?”

“हो. हे दोन्ही मुद्दे स्पष्ट, ठळक अक्षरांत लिही. दुसरा जरा जास्तच ठळक.”

निनादनं सुरी खाली ठेवली. “काका, मला सोप्या शब्दांत सांगा. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?”

“चोराच्या,” मी म्हटलं.

वहिनींना कळलं तेव्हा त्या भाजी निवडता निवडता थांबल्या. “म्हणजे लढाईला जायच्या आधी समोरच्याला सांगून आलात, की बाबा रे, तुझी तिजोरी आहे तशी राहील, काळजी करू नको?”

“हो.”

“तुमचे भाऊ म्हणायचे ते खोटं नव्हतं. कॅरम खेळताना राणी समोरच्याच्या भोकाशी नेऊन ठेवायची आमच्या धाकट्याला सवय आहे, म्हणायचे.” त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. “घ्या. निदान हे तरी नीट करा.”

मतदानाचा दिवस उजाडला. त्या पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत वेळ होता. निनादनं ढेलजवर दोन बाजूंच्या दोन फळ्या लावल्या. वाळिंब्यांनी सकाळीच एक जळजळीत लेख टाकला: ‘थेंबे थेंबे तळे साचे.’ त्याखाली दुपारपर्यंत प्रतिक्रियांची रांग लागली. ‘वाळिंबेसाहेब, आम्ही तुमच्या पाठीशी खंबीर उभे आहोत.’ ‘आमचा संपूर्ण पाठिंबा गृहीत धरा.’ ‘शेवटचा थेंब असेपर्यंत लढू.’ आता शेवटचा थेंब म्हटल्यावर पहिला कोण टाकणार? त्यांच्या फळीवर संध्याकाळी वीसेक वाहवा होत्या.

आमच्या बाजूला भाषण करायला कोणी नव्हतं. नागपूरच्या एका बाई रोज चहाच्या आधी पाचही वाहवा देऊन मोकळ्या होतात, त्या आल्या, पाच टाकून गेल्या. तो वाहून गेलेला कवी आला, त्यानं पाच टाकल्या. अंगठ्यावाले मंगळवेढेकर आले. पहाटेच्या बेचाळीस वाहवा ते विसरले नव्हते. अशी एकेक पंचवीसभर माणसं आली. रात्री झोपताना आमचा आकडा सव्वाशेच्या आसपास होता. त्यांचा साठ.

मी जिल्हा परिषदेत आस्थापना शाखेत होतो, तेव्हा तिथं एक कारकून होते. माणसांच्या रजा, बदल्या, पेन्शन हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं, त्यामुळे मला ते आठवतात. त्यांच्याइतकी अर्जित रजा अख्ख्या जिल्ह्यात कोणाची शिल्लक नव्हती. मुलीच्या लग्नाला ते अर्ध्या दिवसाची किरकोळ टाकून आले आणि अक्षता पडल्यावर कचेरीत परत गेले. मी म्हटलं, अहो, एवढी रजा आहे. म्हणाले, म्हणून काय मोडायची?

पहाटे मी संगमावर गेलो तेव्हा वाळिंबे आधीच बाकावर होते. बदाम नव्हते. हातात फोन होता.

“देशमाने, आमची माणसं कुठं आहेत हो?”

“पाठीशी खंबीर उभी आहेत. मी वाचलं.”

“चेष्टा करू नका. चव्वेचाळीस जणांनी पाठिंबा लिहून दिलाय. एकेकाकडे तीनतीनशे आहेत. आणि फळीवर बघा, नव्वद! कोणी एक टाकलीय, कोणी तीन. सोलापूरच्या धरणवाल्यांनी तर अर्धी टाकता येईल का म्हणून विचारलंय.”

“तुम्ही किती टाकल्यात?”

वाळिंबे नदीकडे बघायला लागले. “एक. शुभारंभ म्हणून.”

“आता?”

“आता अजून पंधरा मिनिटं आहेत.”

पंधरा मिनिटं होती. आणि त्यांच्याकडे साडेचारशेच्या घरात वाहवा होत्या. आम्ही पस्तिसेकांनी पुढे होतो. म्हणजे त्यांनी चाळीस टाकल्या असत्या, तरी सगळा खेळ तिथंच संपला असता. हे मला दिसत होतं, आणि त्यांनाही दिसत होतं. इतका वेळ मी फार हुशार माणूस होतो. त्या क्षणी मला नुसता जिन्यावरचा तो फोन दिसायला लागला, आणि सूनबाईचा अंगठा.

वाळिंब्यांनी चष्मा पुसला. आकड्याच्या चौकटीत चार लिहिलं, त्यापुढे शून्य लिहिलं. शून्य पुसलं. पुन्हा लिहिलं.

“पण मी एकट्यानंच का?” ते एकदम म्हणाले. “बाकीच्यांचं काही कर्तव्य नाही? सगळ्यांची शिल्लक वाचवायला मी माझी मोडायची?”

“तेही खरंच आहे.”

“आणि तसंही आहे ती बुडणार नाहीच. ते तुम्ही लिहून घेतलंत.”

“ठळक अक्षरांत.”

“मग!” ते म्हणाले. पण बोट तिथंच होतं. “नाही तर चाळीस काही फार नाहीत म्हणा. साडेचारशेतून चाळीस गेल्या…”

समोरून एक होडी गेली.

“नाही,” वाळिंब्यांनी चाळीस पुसले, या वेळी ठामपणे. “या मला एका कामाला लागणार आहेत. त्यातली एकही कमी पडायला नको.”

“कुठल्या कामाला?”

ते जरा लाजले. कोषागारातला माणूस लाजताना मी पहिल्यांदाच पाहिला. “तुम्ही वाचत नसाल. कोठीत असतं ते. मी कोठी नेहमी चाळतो, जुनी सवय. जास्वंद म्हणून कोणी बाई आहेत, एका लोणच्याच्या चोराची गोष्ट लिहितात. अहो, काय लिहितात! आमच्या मातोश्रींच्या माळ्याचा वास आला मला. आठही भाग दोन-दोनदा वाचलेत.”

मी म्हटलं, “आणि वाहवा?”

“एकही नाही दिली. शेवटासाठी ठेवल्यात. शेवट चांगला केला, की सगळ्या एकदम. साडेचारशे! बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल.” त्यांनी आवाज खाली आणला. “मी एकटाच नाही. आमच्यातल्या पंधरावीस जणांचं तसंच ठरलंय. पण पंधरा दिवस झाले, बाईंनी नववा भाग काही टाकला नाही. तो बिचारा माळ्यावर अडकलाय. का बरं थांबल्या असतील?”

“काय सांगावं,” मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांच्या हातातल्या फोनवर दोन्ही फळ्या बंद झाल्या. लीड्समध्ये मध्यरात्र झाली होती. साठवणारे हरले होते आणि त्यांची शिल्लक जशीच्या तशी होती. वाळिंब्यांनी आधी शिल्लक बघितली, मग निकाल बघितला, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “पण एकूण समाधानकारक झालं, नाही?”

“फारच,” मी म्हटलं.

घरी येताना मी चालत आलो असं म्हणवत नाही. या वयात जेवढं धावता येतं तेवढं धावलो, आणि रस्त्यात तिघांनी घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. वहिनी वरच्या दारात रांगोळीचा डबा घेऊन उभ्या होत्या.

“हरलात ना?”

“जिंकलो.”

“कसे काय?”

मी जिन्यातच बसलो आणि सगळं सांगितलं. मध्ये मध्ये दम लागत होता. चाळीस लिहिले, पुसले, इथवर त्या हसत होत्या. जास्वंदीचं नाव आलं तशा हसायच्या थांबल्या.

“आठही भाग वाचले?”

“दोन-दोनदा.”

“पंधरावीस जणांनी?”

“हो.”

“म्हणजे सगळे पलीकडे होते. ओ देत नव्हते, एवढंच.” त्या रांगोळीचा डबा हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येणार. वाळिंब्यांचा अंदाज साडेचारशे मिळायच्या आधीच खरा ठरणार. पण वहिनींनी डबा कठड्यावर ठेवला आणि पदर खोचला.

“आणि शेवट आला की देणार म्हणतात?”

“सगळ्या एकदम.”

“रोजच्या नव्या पाच मात्र आता रोज संपणार?”

“आजपासून.”

“मग आता ऐका, भाऊजी. रांगोळी तुम्ही काढा, कशी का येईना. मला जरा लिहायचंय.”

नववा भाग त्या दिवशी उजेडात, चक्क सकाळी आठला आला, सगळे जागे असताना. हवालदाराच्या म्हातारीला माळ्यावरून कैरीच्या फोडीचा वास आला आणि ती वर न बघता म्हणाली, “जरा मीठ कमी पडलंय का रे?” दुसऱ्या पहाटे पेन्शनर मंडळी पूर्वीसारखी धडपडत उठली, कारण कालच्या उरलेल्या मरायला टेकल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा चोराला पडल्या. वाळिंब्यांच्या पाच त्यात होत्या. त्या दिवसापासून त्या रोज असतात, नाइलाजानं का होईना.

गोष्टीचे आता दोनशेवर भाग झालेत. चोर माळ्यावरून उतरला, म्हातारीनं त्याला लोणचं घालायला बसवलं, हवालदाराची बदली झाली, चोराचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. प्रत्येक वेळी आता संपली असं वाटतं, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी घरी नवी बरणी निघते. वाळिंबे जुन्या साडेचारशेला अजून हात लावत नाहीत.

परवा ते काठी टेकत आमचा जिना चढून वर आले. जास्वंद कोण ते त्यांना कळल्यालाही आता बरेच दिवस झालेत. वहिनी टेबलाशी बसून लिहीत होत्या. वाळिंबे खुर्चीत टेकले, दम खाल्ला आणि हात जोडून म्हणाले, “वहिनी, माझंही आता वय झालं हो. तेवढं शेवटाचं काही बघता का?”

वहिनींनी लिहिता लिहिता मान वर केली, त्यांच्याकडे अतिशय प्रेमानं बघितलं आणि विचारलं,

“चहा घेणार ना?”